आजीचा श्वास माझ्या फोनवर

माणूस झोपलाय की गेलाय हे बघायला आमच्याकडे नाकापाशी बोट धरतात. बोटाची मागची बाजू धरायची, नखाच्या वरची, कारण तिथली कातडी पातळ असते आणि उबदार हवा तिला लगेच कळते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जानेवारीत धुळ्याला आजी न्यूमोनियातून उठून दवाखान्यातून घरी आली, तेव्हा पहिल्या तीन रात्री मी तिच्या खोलीत खाली गादी टाकून झोपलो होतो. झोपलो म्हणजे आडवा होतो. दर अर्ध्या तासाने उठायचो, बोट धरायचो, परत पडायचो. तिसऱ्या रात्री तिने डोळे न उघडताच विचारलं, "शे का मी आजून?"

चौथ्या दिवशी मला पुण्याला परतायचं होतं. आई-बाबा जळगावला, दोघांची नोकरी. आजी धुळ्याचं घर सोडायला तयार नाही. देवपूरमधलं ते घर आजोबांनी बांधलंय आणि तिच्या मते ती त्या घराची राखण करतेय. आम्ही म्हणायचो, घरच तुझी राखण करतंय. पण चार भिंतींना बोट नसतं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. पुण्यात बसून करता येईल असं मला एकच सुचलं. साठ गिगाहर्ट्झच्या रडारचं एक छोटं मॉड्युल ऑनलाइन मागवलं, काडेपेटीएवढं, पुढच्या वेळी येताना त्याला वायफायची चिप जोडून पांढऱ्या डबीत बसवलं आणि आजीच्या खाटेच्या डोक्याशी, कॅलेंडरच्या मागच्या फळीवर ठेवलं. ती बघत होती. म्हणाली, "हाई काय शे?"

मी म्हणालो, "इंटरनेटचा डबा आहे, आजी."

पुढचं सगळं या एका वाक्याबद्दल आहे.

आधी तो डबा काय करतो ते सांगतो, कारण रडार म्हटलं की विमानतळ डोळ्यापुढे येतो. तत्त्व तेच आहे, लहरी सोडायच्या आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा. फक्त इथे विमानाच्या जागी आजीची छाती. साठ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पाच मिलिमीटर. शांत झोपेत श्वासाबरोबर छाती काही मिलिमीटर वरखाली होते. छाती एक मिलिमीटर पुढे आली की लहरीचा जाण्यायेण्याचा रस्ता दोन मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे लाटेच्या पाचातल्या दोन भागांचा फरक पडतो. एवढा फरक ओळखणं आजच्या चिपला अवघड नाही. हृदयाच्या ठोक्याने छाती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी हलते, तेही शांत झोपेत, जवळून पकडता येतं. अंधार असला तरी चालतं, अंगावर गोधडी असली तरी चालतं. ताकद अगदी कमी, आपल्या खिशातल्या फोनपेक्षा कितीतरी कमी. सूक्ष्मलहरींनी श्वास मोजता येतो हे १९७५ च्या सुमारास दाखवून झालं होतं. चिप स्वस्त व्हायला पुढची चाळीस वर्षं गेली. माझ्या डबीला मुख्य अडचण आली ती पंख्याची. पंख्याची पाती आणि आजीची छाती वेगळी ओळखायला मला दोन रविवार लागले.

त्यानंतर मात्र डबा नीट बोलायला लागला. मिनिटाला सोळा. सतरा. पंधरा. निरोगी मोठ्या माणसाचा श्वास बसल्या जागी बारा ते वीस असतो. मी हिंजवडीत कॅन्टीनच्या रांगेत उभा राहून तीनशे किलोमीटरहून जास्त लांबचा तो आकडा बघायचो आणि जेवायला बसायचो. दुपारी दोन ते साडेतीन ती झोपते हे मला ठाऊक होतं. पहाटे साडेचारला उठते हेही ठाऊक होतं. पण रात्री बारा ते दोन ती जागीच असते, हालचाल न करता नुसती पडून असते, हे मला डब्यानेच सांगितलं. त्या वेळी तिच्या श्वासाची रेघ झोपेतल्यासारखी एकसारखी नसायची, वाकडीतिकडी यायची. ती काय विचार करत असेल ते रेघेत दिसत नव्हतं. आणि फोन करून विचारावं, तर मला कसं कळलं ते सांगावं लागलं असतं.

इथे मला पहिल्यांदा थोडं अवघड वाटलं. फार नाही. थोडं.

मी स्वतःला जे उत्तर दिलं ते तुम्हीही दिलं असतं. जून २०२० मध्ये मी जळगावला घरातच अडकलो होतो. तेव्हाची एक बातमी जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. जळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, कोरोनासाठी दाखल असलेली ऐंशी ओलांडलेली एक बाई २ जूनपासून दिसेनाशी झाली. १० जूनला तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. आठ दिवस. अधिष्ठात्यांसह काही जणांचं निलंबन झालं, चौकशा झाल्या, महाराष्ट्रभर बातमी गेली. बाबांनी त्या दिवशी जेवताना टीव्ही बंद केला होता.

रडार विकणारे पहिली जागा सांगतात ती बाथरूमची. तिथे कॅमेरा लावता येत नाही, आणि म्हातारी माणसं तिथे पडू शकतात. म्हणजे त्या दाराच्या वर दोन-तीन हजारांची एक डबी असती तर पहिल्याच दिवशी, कदाचित पहिल्याच तासात, ती वाजली असती. 'यंत्र माणसाची जागा घेऊ शकत नाही' असं कुणी म्हणालं की मला हेच आठवतं. तिथे माणसंच होती. माणसं दमतात, घाबरतात, पाळी संपली की निघून जातात. त्या दिवसांत तर तीही आजारी पडत होती. माणसाच्या नजरेचं फार कौतुक करायला मी तयार नाही.

पण याच बातमीकडे मी नंतर वेगळ्या बाजूने बघायला लागलो. डबी वाजली असती, बरोबर. कुणाकडे? वॉर्डातल्या ज्या माणसाला रिकामी खाट दिसूनही शोधावंसं वाटलं नाही, त्याच्याच फोनवर ना? रिकामी खाट हीसुद्धा एक घंटाच होती, आणि ती आठ दिवस वाजत होती.

श्वास मोजण्याची एक जुनी महाराष्ट्री गोष्ट आहे, ती इथे सांगावीशी वाटते. १९८० च्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालमृत्यूंवर काम सुरू केलं, तेव्हा न्यूमोनिया हा लहान मुलांचा मोठा मारेकरी होता. न्यूमोनियाची सगळ्यात सोपी खूण म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला साठ किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त. पण गावातल्या ज्या दाया बाळाजवळ असायच्या त्यांना एवढे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून एक श्वासमापक बनवला: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन रांगा, एक तान्ह्या बाळांसाठी, एक त्याहून मोठ्यांसाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत रांग संपली तर श्वास जलद, म्हणजे न्यूमोनियाची शंका, म्हणजे औषध. या कामाने बालमृत्यू घटल्याचा निबंध १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे नवजात बाळांसाठी घरी जाऊन काळजी घेण्याची त्यांची पद्धत देशभर गेली. आज आमच्या साक्री-शिरपूरकडच्या पाड्यांवर आशाताई बाळाच्या पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजते, ती त्याच वाटेने आलेली आहे.

तेही बिनस्पर्शाचंच मोजणं होतं, बाळाला हात न लावता, नुसतं बघून. त्यातही माणूसच चुकू शकत होता. फरक एवढाच की जिच्या हाताखाली मणी सरकत होते तीच औषध द्यायला तिथे होती. मोजणारी आणि धावणारी एकच बाई होती. मी मोजत होतो हिंजवडीत, आणि धावायला देवपुरात कुणी नव्हतं. या दोन गोष्टी मी सुट्या केल्या होत्या आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

मे महिना. धुळ्याचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. रात्री एक बावन्नला माझा फोन ओरडला: 'श्वास आढळत नाही.'

हे तीन शब्द माझेच. रात्री दहा मिनिटं खाटेवर हालचाल टिपली गेली नाही तर काय संदेश यावा, ते मी जानेवारीत प्रवासात बसल्या बसल्या लिहिलं होतं. 'खाटेवर कोणी नाही' असंही लिहिता आलं असतं. डब्याला दोन्हीतला फरक कळत नाही, त्याला फक्त एवढंच कळतं की तिथे काही हलत नाहीये. फरक मला कळायला हवा होता.

आजीचा फोन लावला. बटणांचा फोन, आत कपाटावर चार्जिंगला. वाजत राहिला. बाबांना लावला, ते जळगावला उठून पँट चढवायला लागले. नव्वद किलोमीटर. मग शेजारच्या आबांना. आबा सत्तर पार केलेले, गुडघा दुखतो. ते टॉर्च घेऊन बाहेर आले. फाटकाला आतून कुलूप, म्हणून कुंपणाच्या भिंतीवर चढले, पलीकडे उतरताना नडगी सोलून घेतली, आणि अंगणात टॉर्च मारला तर आजी खाट टाकून झोपलेली. कूलरची मोटर बंद पडली होती म्हणून ती संध्याकाळीच बाहेर आली होती. तोंडावर उजेड पडताच ती "चोर, चोर" करून उठली. गल्लीत चार घरांचे दिवे लागले. हे सगळं मी फोनवर ऐकत होतो.

मग आबांनी फोन तिच्याकडे दिला. मी सगळं सांगितलं. डबा काय आहे, कधीपासून आहे. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी जित्ती शे का मरी गई, हाई तुले डबा सांगस. मंग फोन कसाले करशी!"

मला वाटलं होतं ती पाळतीबद्दल रागावेल. तिने फोनबद्दल विचारलं. मी दुसऱ्या दिवशी कॉलची यादी काढून बघितली. जानेवारीत मी रोज रात्री नऊला, तिची मालिका संपली की फोन करायचो. मार्चमध्ये दिवसाआड. एप्रिलमध्ये सलग अठरा दिवस एकही फोन नव्हता. त्या अठरा दिवसांत ॲप उघडलं नाही असा एकही दिवस नव्हता. मला ती भेटत होती, रोज, चारचारदा. तिला मी भेटत नव्हतो.

जळगावहून धुळ्याला येताना पारोळ्याच्या पुढेमागे अमळनेरची पाटी लागते. अमळनेर म्हणजे साने गुरुजी, पण तिथेच श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये सुरू केलेलं तत्त्वज्ञान मंदिर आहे. कापूस आणि गिरण्यांच्या गावात तत्त्वज्ञानाची संस्था काढायची हौस कुणाला झाली असेल, याचं मला अजून नवल वाटतं. के. सी. भट्टाचार्य यांच्यासारखा विचारवंत तिथे संचालक होता. त्या संस्थेचा ओढा अद्वैताकडे. आणि अद्वैतातला एक शब्द मला या प्रकरणात सारखा आठवत राहिला: साक्षी. जो फक्त बघतो. सुखदुःख, झोप-जाग सगळं त्याच्यासमोर घडतं, पण त्याला काही चिकटत नाही, तो काही करत नाही. माझा डबा हा असा पक्का वेदान्ती साक्षी होता. त्याची चूक नव्हती. मीही साक्षी व्हायला बघत होतो, ती चूक होती.

मराठीत साक्षीदार असाही शब्द आहे. त्याने पाहिलं असेल तर त्याला बोलावलं की यावं लागतं, कठड्यात उभं राहावं लागतं, उलटतपासणी सोसावी लागते. पाहिल्याचं देणं लागतं त्याच्यावर. मला वाटतं, दुसऱ्याचा श्वास मोजायचा हक्क साक्षीला नाही, फक्त साक्षीदाराला आहे.

२०१५ च्या नेपाळच्या भूकंपात सिंधुपाल्चोक जिल्ह्यात 'फाइंडर' नावाच्या रडारने ढिगाऱ्याखालच्या चार माणसांचे ठोके टिपले. ते यंत्र 'नासा'च्या प्रयोगशाळेत तयार झालेलं. चौघेही जिवंत बाहेर निघाले. त्यांची परवानगी कुणी घेतली नव्हती आणि त्याबद्दल कुणी तक्रारही करणार नाही. आणीबाणी होती म्हणून, हे तर खरंच. पण रडार धरणाऱ्यांच्या बरोबर फावडी घेतलेली माणसं उभी होती, हेही तितकंच खरं.

आईचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, "आधी विचारलं असतंस तर त्या नाहीच म्हणाल्या असत्या. आणि मग एखाद्या रात्री खरंच काही झालं असतं तर?" याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण तो प्रामुख्याने सरकारपुढे उभं राहायला. नातवापुढे उभं राहायला आजीला कुठला कायदा आहे? घरात आपण प्रेमाच्या नावाखाली जे करतो ते सरकारने केलं तर मोर्चे निघतील. औषध दुधात मिसळून देणं, बँकेचा मेसेज आपल्याच फोनवर येईल असं करणं, आजार काय आहे ते आजाऱ्यालाच न सांगणं. माझा डबा त्याच रांगेतला. आई म्हणते त्यात तथ्य आहे, तरी मला वाटतं की 'नाही म्हणाली असती' हे माहीत असणं हे न विचारण्याचं कारण होऊ शकत नाही. उलट तेच विचारण्याचं कारण आहे.

जूनमध्ये धुळ्याला गेलो तेव्हा डबा काढायच्या तयारीनेच गेलो होतो. स्टूल घेतलं, कॅलेंडर बाजूला केलं. आजी मेथी निवडत होती. म्हणाली, राहू दे. रात्री आबांची नडगी तिला बोचत होती की जानेवारीतला दवाखाना आठवला, कोण जाणे. पण तिची एक अट होती. "तुना घरमा बी लाव एक."

मी हसलो. ती हसली नाही.

तिचं म्हणणं सरळ होतं. तू पुण्याला एकटा राहतोस. तुला काही झालं तर मला कोण सांगणार? आणि तुला माझं दिसतं तर मला तुझं का नको?

म्हणून आता पुण्यात माझ्या पलंगाच्या डोक्याशीही एक पांढरी डबी आहे. आजीला ॲप वाचता येत नाही, म्हणून ते आबांच्या नातीच्या फोनवर आहे. ती बारावीला आहे. रोज सकाळी कॉलेजला जाताना ती आजीला वाचून दाखवते. म्हणजे मी किती वाजता झोपलो, मध्येच किती वेळा उठलो, शनिवारी घरी आलोच नाही, हे देवपुरातल्या दोन घरांना ठाऊक असतं. पहिल्या आठवड्यात आजीचा फोन आला, "दोन वाजालोंग जागा व्हतास. काय टेन्शन शे?" मी म्हणालो, काही नाही, काम होतं. काम नव्हतं. मी फोनवर रील्स बघत पडलो होतो आणि मध्ये अर्धा तास छताकडे. मला तो प्रश्न आवडला नाही. आणि तिला बारा ते दोन झोप येत नाही हे मला चार महिने माहीत असूनही तो प्रश्न मी तिला विचारला नव्हता, हे त्याच वेळी आठवलं.

मी विचारलं. म्हणाली, आजोबा त्या वेळी पाण्यासाठी उठायचे. मोटर लावायचे, टाकी भरायचे. तिला जाग येते. टाकी आता आपोआप भरते.

रात्री नऊचा फोन परत सुरू झालाय. कधी ती करते, कधी मी. आकड्यावर बोलणं फारसं होत नाही, तिचा सोळा आणि माझा चौदा यात बोलण्यासारखं काय आहे.

मागच्या महिन्यात एका रात्री मी डबीचा प्लग काढून ठेवला. कारण सांगत नाही. सकाळी सव्वासातला फोन वाजला.

"काल रातले तू दिखना नही."

"लाईट गेली होती, आजी."

ती थांबली. मागे आबांच्या नातीची सायकल स्टँडवरून उतरल्याचा आवाज आला.

"पुनामा बी जास का लाईट?" ती म्हणाली. "बरं. नास्ता करा का?"